व्हिनेगर आटतं, पण घट्ट का होत नाही?

परभणीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या पतींना सहा महिन्यांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं, सासूबाईंना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ-तेल कमी करा, कोशिंबिरी आणि मोडाची कडधान्यं वाढवा, असं सांगितलं. पण अळणी कोशिंबीर घरात कुणी खाईना. मोबाइलवर 'बाल्सामिक रिडक्शन' (बाल्सामिक म्हणजे द्राक्षाचं गोडसर व्हिनेगर, रिडक्शन म्हणजे आटवून दाट केलेला द्रव) पाहून ताईंनी साडेचारशे रुपयांची बाल्सामिकची बाटली आणली आणि आटवली. गार झाल्यावर ती बरणीत इतकी कडक झाली की चमचा शिरेना. मग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर दोन चमचे मध घालून जर्मनच्या पातेल्यात आटवलं. घरभर ठसका उठला, मुलाला खोकला लागला, पातेलं काळं पडलं आणि हाती आलं ते झोंबणारं पातळ पाणी. सासूबाई माळकरी आहेत. त्या म्हणतात, "ते दारूपासून होतं, माझ्या ताटात नको. आणि ॲसिड कशाला पोटात घालता?" उलट पतींनी कुठेतरी वाचलंय की व्हिनेगरनं साखर उतरते, म्हणून ते रोज चार चमचे मागतात. ताई विचारतात : चूक कुठे झाली, व्हिनेगर कुठलं घ्यावं, केलेलं किती दिवस टिकतं, आणि हा खटाटोप करावा की लिंबावरच भागवावं?

ताई,

तुमच्या दोन्ही फसलेल्या प्रयत्नांचं मूळ एकच आहे. पहिल्या वेळी साखर जास्त आटली, दुसऱ्या वेळी आटून घट्ट व्हायला पुरेशी साखरच नव्हती. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

किराणा दुकानातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, बाकी पाणी. फळाचा गर नाही, साखर नाही, घट्टपणा आणणारं काहीच नाही. पाणी १०० अंशांना उकळतं, ॲसेटिक ॲसिड ११८ अंशांना. त्यामुळे आटवताना पाणी जास्त वेगानं जातं आणि उरलेलं आणखी झोंबरं होत जातं. वाफेबरोबर थोडं ॲसिडही उडतंच, तोच तुमच्या घरभर पसरलेला ठसका. दोन चमचे मधानं एवढ्या पाण्याला घट्टपणा येणं शक्यच नव्हतं. ते अजून तासभर आटवलं असतं तरी शेवटी तळाशी मधाचा चिकट थर उरला असता, दुसरं काही नाही.

बाल्सामिकचं वेगळं असतं. ते द्राक्षाचा आटवलेला रस आणि वाइन व्हिनेगर यांच्यापासून होतं, त्यामुळे त्यात द्राक्षाची साखर भरपूर असते. बाजारात मिळणाऱ्या साध्या बाल्सामिकमध्ये १०० मिलीला साधारण १५-१७ ग्रॅम. पाणी उडेल तशी ही साखर दाट होते. गुऱ्हाळात काकवी वेळेवर उतरवली नाही तर तिचाच गूळ होतो, तसंच तुमचं झालं. गरम असताना पाक नेहमी पातळ दिसतो, आणि पातेल्यात 'आता घट्ट झालं' असं वाटेपर्यंत थांबलं की गार झाल्यावर गोळा ठरलेला. निम्मं झालं की गॅस बंद करायचा, मग ते डोळ्यांना कितीही पातळ दिसो. २०० मिलीचं १०० मिली. आठ इंची रुंद भांड्यात, मंद गॅसवर याला बारा ते अठरा मिनिटं लागतात. एक उकळी आली की गॅस बारीक करायचा. पुढे कडेला छोटे बुडबुडे येत राहिले की पुरे, खळाखळा उकळू द्यायचं नाही.

निम्मं झालं हे अंदाजानं ठरवू नका. आइस्क्रीमची लाकडी काडी सुरुवातीला द्रवात उभी बुडवा, ओल्या रेषेवर पेनानं खूण करा, तिच्या निम्म्यावर दुसरी खूण करा आणि अधूनमधून काडी बुडवून पाहा. स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर आणखी चांगलं : पातेल्याचं रिकामं वजन लिहून ठेवा, २०० ग्रॅमचं १०० ग्रॅम झालं की उतरवा. खात्रीसाठी फ्रीजरमध्ये गार केलेल्या स्टीलच्या ताटलीवर चार थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि मधून बोट फिरवा. रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहून मग हळूच मिटली, तर झालं. मुळीच मिटत नसेल तर आधीच जास्त आटलंय. चमचा-चमचा गरम पाणी घालून सारखं करा.

आता यातल्या एका समजुतीविषयी बोलायला हवं, कारण तुमच्या घरात मधुमेह आहे. 'व्हिनेगरचं आहे, तेल नाही, म्हणजे पौष्टिक' असं तुम्ही गृहीत धरलंय. जेवणात थोडं मिसळलेलं व्हिनेगर सहसा निर्धोक आहे, पण रिडक्शनमध्ये आपण जे जिभेवर घेतो तो बहुतांश साखरेचा पाक असतो. हिशोब करून पाहा. २०० मिली बाल्सामिकमध्ये सुमारे ३२ ग्रॅम साखर. ते १०० मिलीवर आणलं तर चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, दीड ग्रॅमहून थोडी जास्त. एवढं चालण्यासारखं आहे. पण पती म्हणतात तसे पोह्याच्या चमच्यानं रोज चार चमचे, म्हणजे ६० मिली, घातले तर जवळजवळ २० ग्रॅम साखर झाली. चहात चार-पाच चमचे साखर घातल्यासारखंच ते. आणि साखरेऐवजी मध, गूळ किंवा काकवी घातली म्हणून हिशोब बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोकळ्या साखरेची मर्यादा सांगताना मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं त्यातच धरते.

व्हिनेगरनं साखर उतरते, या पतींच्या म्हणण्याला थोडा आधार आहे. जेवणाबरोबर व्हिनेगर घेतल्यास जेवणानंतरची साखर काहीशी कमी चढते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. परिणाम माफक आहे आणि तो औषधाची जागा घेऊ शकत नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, पोट उशिरा रिकामं होण्याचा त्रास असेल, आम्लपित्त किंवा अल्सर असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील, तर रोजच्या रोज व्हिनेगर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. नुसतं चमच्यानं पिऊ तर कुणीच नये, दातांचं आवरण झिजतं, घसा भाजतो. जेवणात मिसळूनच घ्यावं. हे तुम्ही पतींना स्पष्ट सांगा, कारण चार चमच्यांचा हट्ट आणि रिडक्शनची साखर एकत्र आली तर तुम्ही ज्यासाठी धडपडताय त्याच्या नेमकं उलट होईल.

मग हे करायचंच कशासाठी? मिठासाठी, असं मी म्हणेन. आंबटपणा असला की कमी मिठातही पदार्थ अळणी लागत नाही. माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, चटणी सगळं आलं. तुमच्याकडे कोशिंबीर कुणी खात नव्हतं ते अळणी म्हणून. चव आणणारा एक चमचा मिळाला आणि वाटीभर काकडी-गाजर-मटकी पोटात गेली, तर खटाटोप सार्थकी लागला. पण त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. मधुमेहाच्या घरात मी बाल्सामिकपासून सुरुवात करणारही नाही. टोमॅटोपासून करेन.

अर्धा किलो पिकलेले, लालभडक टोमॅटो चिरून, पाणी न घालता, झाकण ठेवून दहा मिनिटं मऊ शिजवा. चाळणीतून दाबून गाळा. ३५० मिलीच्या आसपास रस निघेल. त्यात एक सुकी लाल मिरची आणि भाजून भरडलेलं अर्धा चमचा जिरं टाका. लसूण चालत असेल तर दोन पाकळ्या ठेचून. झाकण न ठेवता मंद गॅसवर १२० मिलीवर आणा. यात गर असतो, त्यामुळे शेवटी तो फटफट उडतो आणि तळाला धरतो. म्हणून अर्ध्यानंतर समोरून हलू नका, उलथन्यानं तळ खरवडत राहा. पंचवीस ते तीस मिनिटं लागतील. मग मिरची-लसूण काढा, ४० मिली व्हिनेगर घाला, आणखी पाच मिनिटं मंद ठेवा आणि उतरवा. १३०-१४० मिली होईल. अर्धा किलो टोमॅटोत सगळी मिळून साखर १३ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे चहाच्या चमच्यात अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. घट्टपणा टोमॅटोच्या गरानं येतो, साखरेची गरजच पडत नाही. पतींसाठी रोजचं म्हणून मी हेच सुचवेन.

इथे एक गोष्ट ध्यानात आली असेल : व्हिनेगर शेवटी घातलं. बहुतेक व्हिडिओंत ते पहिल्यापासून घालतात, आणि मग घरभर ठसका होतो. आधी फळाचा रस आटवून घ्या, व्हिनेगर शेवटच्या चार-पाच मिनिटांत घाला. डोळे झोंबत नाहीत, व्हिनेगर कमी लागतं आणि आंबटपणा किती हवा ते आपल्या हातात राहतं. तरीही त्या पाच मिनिटांत खिडकी उघडी ठेवा, पातेल्यावर वाकून वास घेऊ नका आणि खोकल्याचं मूल स्वयंपाकघराबाहेर ठेवा. मुलाला दम्याची तक्रार असेल तर हे काम तो शाळेत गेल्यावरच करा.

दुसरा प्रकार द्राक्षांचा. बाल्सामिकची भूक यानं बऱ्यापैकी भागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जालन्याकडची, म्हणजे कडवंचीच्या बाजूची, किंवा लातूर-धाराशिवकडची काळी द्राक्षं गाड्यांवर येतात, तेव्हा पिकून मऊ पडलेले सुटे मणी स्वस्त मिळतात. आटवायला तेच चांगले. अर्धा किलो घ्या, वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवा आणि हातानं कुस्करा. मिक्सर नको, बी भरडली की रस कडवट-तुरट होतो. सालीसकट आठ-दहा मिनिटं मंद शिजवलं की सालीचा रंग रसात उतरतो. पातळ कापडातून पिळून घ्या. ३०० मिली रस निघाला तर तो १०० मिलीवर आणा, मग ६० मिली व्हिनेगर घालून पाच मिनिटं. वरून साखर, मध काहीही नको, द्राक्षाच्या रसातच १०० मिलीला १६-१८ ग्रॅम साखर असते. तयार झालेल्यात ती चमच्याला पावणेदोन ग्रॅमच्या घरात जाते, म्हणून पतींच्या ताटात हे चहाचा एक चमचा, दिवसातून एकदाच, आणि तेही त्यांची साखर आटोक्यात असताना.

जून-जुलैत याच रीतीनं जांभळाचं करता येतं, फक्त बी काढून गर घ्यायचा आणि थोडा तुरटपणा येणार हे धरून चालायचं. मोसंबीचं मात्र सांभाळून. जालन्याच्या मोसंबीचा रस कितीही गोड असला तरी तो आटवला की कडू होतो, कारण रसातलाच एक घटक तापल्यावर आणि वेळ गेल्यावर कडवटपणा सोडतो. मोसंबीची चव हवीच असेल तर गॅस बंद केल्यावर दोन चमचे ताजा रस आणि सालीचा फक्त पिवळा भाग किसून घाला. खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका.

आता सासूबाईंचं. त्यांचे दोन्ही आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. किण्वनानं केलेलं व्हिनेगर खरोखरच आधी मद्यार्क होऊन मगच आंबट होतं. फळाच्या किंवा उसाच्या रसातल्या साखरेचा मद्यार्क, आणि त्याचा जिवाणूंकडून ॲसेटिक ॲसिड. तयार व्हिनेगरमध्ये मद्यार्क अगदी नाममात्र उरतो आणि आटवताना तोही उडतो. पण माळ घातलेल्या माणसाला हे रसायनशास्त्र समजावून त्यांच्या ताटात ते वाढण्याचा आग्रह करणं मला योग्य वाटत नाही. त्यांना नको म्हणजे नको. ॲसिडबद्दलही त्यांचं म्हणणं पोकळ नाही. काही दुकानांत 'ॲसेटिक ॲसिड' म्हणून तीव्र द्रव मिळतो, त्याचं पाणी घालून घरी व्हिनेगर करायच्या भानगडीत पडू नका. ते त्वचा आणि अन्ननलिका भाजतं.

सासूबाईंसाठी चिंच आहे, आणि चिंचेत हे काम व्हिनेगरपेक्षा सरस होतं. चिंचेचा आंबटपणा टार्टारिक ॲसिडचा. ते वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे ठसका नाही आणि आटवल्यावर आंबटपणा जागच्या जागी राहतो. शिवाय चिंचेच्या गरात थोडं पेक्टिन, म्हणजे फळातला दाटपणा आणणारा घटक, असतो, त्यानं कमी गोडातही दाटपणा येतो. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर भौगोलिक मानांकन आहे, मागवायला लांब जायला नको. फक्त एक पाहा. उन्हाळ्यात चिंच फोडून, मीठ लावून गोळे करून ठेवायची आपली पद्धत आहे. रक्तदाबाच्या माणसासाठी त्यातलं मीठ मोजणीबाहेर जातं. बिनमिठाची चिंच वेगळी ठेवा, किंवा मिठाचाच गोळा असेल तर वरून चिमूटभरही मीठ घालू नका.

५० ग्रॅम चिंच (चिंचोके काढून) २०० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढा, गाळा. एक पोह्याचा चमचा काकवी, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन-तीन मिरे आणि नखाएवढं दगडफूल. हे सगळं मंद गॅसवर १०० मिलीवर आणा, दगडफूल आणि मिरे काढा. दहा-बारा मिनिटांत होतं. चिंचेत स्वतःची साखरही बरीच असते, म्हणून काकवीचा हात आखडता ठेवा, आणि पतींच्या वाट्याला यातलंही चहाच्या एका चमच्यापेक्षा जास्त नको. एकादशीला किंवा उपासाला काय चालतं ते सासूबाईंनाच विचारा. जिरं-मिऱ्यांविषयी प्रत्येक घरचे नियम वेगळे असतात.

व्हिनेगर कुठलं घ्यावं, हा प्रश्न राहिला. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. सिंथेटिक असेल तर ॲसेटिक ॲसिडपासून तयार केल्याचं लेबलवर लिहावं लागतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कुठल्याही व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असायला हवं. सिंथेटिक खाल्ल्यानं काही होत नाही, पण त्याला आंबटपणापलीकडे चव नसते. आटवायला सफरचंदाचं किंवा उसाचं किण्वित व्हिनेगर घ्या. मात्र 'मदर', म्हणजे व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचा गढूळ साका, असलेली महाग बाटली यासाठी आणू नका, त्यातले जिवाणू गॅसवर मरणारच आहेत. जास्तीचे पैसे वाया. बाल्सामिक घेतलंच तर घटकांत द्राक्षाचा रस पहिल्या क्रमांकावर आहे का पाहा. वाइन व्हिनेगर आधी आणि खाली 'कॅरॅमल रंग' असं असेल तर ते आटवून फारसं दाट होत नाही. इटलीतल्या मोडेनाचं किमान बारा वर्षं मुरवलेलं पारंपरिक बाल्सामिक कुणी भेट दिलं, तर ते आटवायचंच नाही, ते मुळातच दाट असतं.

भांडं स्टीलचंच. जर्मनचं पातेलं आंबटामुळे खराब होतं आणि धातूची चव पदार्थात उतरते. लोखंडी कढईतही तसंच. तांब्या-पितळेचं तर, कल्हई असो वा नसो, या कामाला नको. कल्हई आंबटानं उडत जाते आणि तांबं पदार्थात उतरणं बाधतं. ओरखडे न पडलेलं नॉनस्टिक चालेल. तुमचं काळं पडलेलं पातेलं टाकून देऊ नका, घासलं की दुसऱ्या कामाला चालेल. त्यात आटवलेलं ते पाणी मात्र ओतून द्या.

चवींबद्दल थोडं. आटवताना सगळ्याच चवी दाट होतात, तशी मसाल्याचीही. २०० मिलीला लवंग एकच, दालचिनी बोटाच्या पेराएवढी, आणि दोन्ही निम्म्यातच काढायच्या. शेवटपर्यंत राहिल्या तर कडू काढ्याची चव येते. कोथिंबीर, पुदिना, आल्याचा रस हे गॅस बंद केल्यावर. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आधी घातलेलं मीठ निम्म्या द्रवात दुप्पट लागतं. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लावू नका. आंबटात ते तुटतं, दुसऱ्या दिवशी पातळ आणि गढूळ होतं. जास्त गोड वाटलं तर न आटवलेलं व्हिनेगर किंवा लिंबू थेंब-थेंब घाला. करपल्याचा वास आला तर वाचवायचा प्रयत्न सोडा, करपट चव कशानंही झाकत नाही.

ताटात हे कसं येईल ते सांगते. चौघांच्या कोशिंबिरीला दोन काकड्या, एक गाजर, अर्धी वाटी वाफवलेली मोडाची मटकी. त्यावर टोमॅटोचं रिडक्शन चहाचे चार चमचे किंवा द्राक्षाचं दोन, दाण्याचं कूट दोन चमचे, मीठ पाव चमचा. पानं वाढल्यावरच कालवायचं, आधी कालवलं की काकडीला पाणी सुटून सगळी चव तळाशी जाते. भाजलेल्या वांग्याच्या कापांना, लाल भोपळ्याला, पनीरला ते तव्यावरून काढण्याआधीच्या शेवटच्या दोन मिनिटांत लावा. आधी लावलं तर साखर करपून काळी होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाताना त्यात अर्धा चमचा मिसळला तर ठेच्यातलं मीठ निम्मं करता येतं, करून पाहा. तुरीच्या वरणात मात्र डाळ पूर्ण शिजल्यावरच आंबट घाला. आधी पडलं तर डाळ लवकर गळत नाही.

आणि लिंबावर भागवावं का? रोजच्या पालेभाजीला, मटकीला, सुशील्याला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या पदार्थाला) लिंबू उत्तम आहे, त्यात साखर जवळपास नाही आणि कष्टही नाहीत. रिडक्शनचा उपयोग जिथे लिंबाचं पाणी खाली ओघळतं तिथे : भाजलेल्या भाज्या, पनीर, उकडलेली अंडी, जाड चिरलेली कोशिंबीर. आठवड्यातून दोन-तीनदा एवढंच त्याचं काम. उरलेल्या पांढऱ्या व्हिनेगरचाही उपयोग आहे. कांद्याच्या पातळ चकत्या, अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, पाव चमचा मीठ आणि बिटाची एक फोड. फ्रीजमध्ये दोन तासांत गुलाबी कांदा तयार, साखरेशिवाय. सासूबाईंच्या ताटात अर्थात साधा कांदा, तोही त्यांना चालत असेल तर.

टिकण्याबद्दल. काचेची छोटी बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण कोरडी करून घ्या आणि रिडक्शन गरम असतानाच भरा. पत्र्याचं झाकण आंबटानं गंजतं, प्लॅस्टिकचं वापरा. फ्रीजमध्ये नुसत्या बाल्सामिकचं दोन महिने, द्राक्षाचं तीन आठवडे, चिंचेचं दोन आठवडे, टोमॅटोचं आठ-दहा दिवस. ओला चमचा घालू नका. बुरशीचा ठिपका, फेस किंवा आंबूस-मद्याचा वास आला तर सगळं टाका, वरचा थर काढून उरलेलं वापरू नका. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर असताना ओट्यावर ठेवलेलं कुठलंच टिकणार नाही. लाइट तासन्‌तास जात असेल, फ्रीज नीट गार राहत नसेल, तर टोमॅटोचं पाव किलोचंच करा आणि तीन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात आटवायचं काम पहाटे उरकून घ्या. टोमॅटो बारमाही आहेत, तेव्हा सुरुवात याच आठवड्यात होईल. पहिल्या खेपेला लसूण-मिरचीशिवाय साधंच करा, चव घरच्यांना रुचली की मग एकेक मसाला वाढवा, आणि पतींची जेवणानंतरची साखर नेहमीप्रमाणे मोजत राहा.